पाटाच्या काठाने

सायकलवर बसणाऱ्या माणसाच्या साऱ्या मागण्या एका वाक्यात सांगावयाच्या झाल्या तर त्या अशा सांगता येतील: त्याला मोटारीसाठी केलेला रस्ता हवा असतो, फक्त त्या रस्त्यावर मोटार नको असते. हे ऐकून कोणाला हसू आले तर मी त्याला दोष देणार नाही. पंगत हवी, पण यजमान घरात नको, असे म्हणण्यातलाच हा प्रकार आहे. तथापि नाशिक शहरात आणि त्याच्या भोवतालच्या मुलखात गेली चाळीस वर्षे सायकल फिरविल्यावर माझे असे मत झाले आहे की, ही मागणी दिसते तितकी वेडगळ नाही. तिच्यात एक विसरलेला हक्क आहे, आणि एक नीट न मांडलेला हिशेबही आहे.

हक्काची गोष्ट आधी सांगतो. ज्याला आपण यजमान समजतो तो या घरात मागाहून आलेला आहे. इंग्लंडात सायकलने प्रवास करणाऱ्यांचा मोठा संघ 1878 साली निघाला; अमेरिकेत तसाच संघ 1880 साली निघाला. त्या काळी गावाबाहेरचे रस्ते म्हणजे उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात चिखल. घोड्याला त्याचे फारसे वाटत नसे. पण दोन चाकांवर तोल सांभाळणाऱ्याला प्रत्येक चाकोरी म्हणजे एक संकटच होते. 1888 साली डनलॉपने हवा भरलेली रबरी धाव काढली, सायकल सुखाची झाली आणि तिचा प्रसार झपाट्याने होऊ लागला. मग या मंडळींनी चांगल्या रस्त्यांसाठी सभा भरविल्या, पत्रके काढली, सरकारदरबारी अर्ज केले. रस्ते सुधारू लागले, आणि ते सुधारत आहेत तोच मोटार आली. पंगत आम्ही मांडली, पाने आम्ही वाढली, आणि पहिला घास घेण्यापूर्वीच एक धिप्पाड पाहुणा येऊन असा काही ऐसपैस बसला की, आम्हांलाच भिंतीशी अंग चोरून उभे राहावे लागले.

अंग चोरून चालण्याची ही विद्या नाशिककरास आता उत्तम अवगत झाली आहे. मुंबई-आग्रा हमरस्ता शहराच्या अंगावरूनच जातो. त्र्यंबकाचा रस्ता रुंद झाला तसा त्यावरचा वेगही रुंद झाला. अशा रस्त्यावर सायकलस्वाराचे कान पाठीमागे लागलेले असतात. पाठीवर येणारा आवाज मालमोटारीचा की एस.टी.चा, तो किती दूर आहे, तो आपल्याला ओलांडून जाईल की आपल्यावरून जाईल, या विचारातच त्याची निम्मी शक्ती खर्च होते. समोर त्रिरश्मीचा डोंगर उभा असतो, उजवीकडे रामशेजची कातळटोपी उन्हात चमकत असते. पण त्याला यांतले काहीच दिसत नाही. पाठीला डोळे नसल्यामुळे पुढचे डोळेही निकामी व्हावेत, अशी ही अवस्था आहे.

तेव्हा मोटार नसलेल्या वाटा शोधणे हा माझा रविवारचा धंदा होऊन बसला. शोधता शोधता असे दिसून आले की, अशा वाटा तीन जातींच्या असतात. जेथे मोटारीला जाता येत नाही त्या पहिल्या जातीच्या. ब्रह्मगिरीची फेरी ही त्यांतली. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी असंख्य माणसे त्या वाटेने अनवाणी जातात. पण जेथे मोटार हरते तेथे सायकलही बहुधा हरते, आणि ती खांद्यावर घेऊन डोंगर चढणे म्हणजे घोड्याला पाठीवर घेऊन तीर्थयात्रा करण्यासारखे आहे. जेथे मोटारीला जाऊ देत नाहीत त्या दुसऱ्या जातीच्या. रामशेजच्या शेजारच्या बोरगडाचे रान 2008 साली संवर्धन राखीव म्हणून जाहीर झाले. राज्यातले ते या प्रकारचे पहिले. पण असले रान मोर-तरसांसाठी राखलेले असते, माझ्यासाठी नव्हे. तेथे माणसाने पाहुण्यासारखे पायी जावे, चाके घेऊन उधळू नये. उरली तिसरी जात: जेथे मोटारीला जाता येते, कोणी अडवीतही नाही, पण जिचे तेथे काही कामच नसते. या तिसऱ्या जातीच्या वाटा मला ज्याने दाखविल्या तो मात्र माणूस नव्हे. ते पाणी होते.

नाशिक जिल्ह्याला दोन तोंडे आहेत. एक त्र्यंबक-इगतपुरीकडचे ओले, आणि दुसरे चांदवड-येवले-नांदगावकडचे कोरडे. इगतपुरीच्या घाटमाथ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. शंभरावर किलोमीटर पूर्वेला गेले की तोच पाचशे-सहाशेवर येतो. पश्चिमेचे हे पाणी पूर्वेच्या तहानेकडे नेण्यासाठी माणसांनी पाट खणले. नांदूर मध्यमेश्वराचा बंधारा गेल्या शतकाच्या पहिल्या-दुसऱ्या दशकांतला. त्याच्या दोन्ही अंगांनी गोदावरीचे कालवे निघाले. पुढे कादवेवर पालखेडचे धरण झाले आणि त्याचा डावा कालवा निफाडावरून येवल्याकडे गेला. प्रत्येक पाटाच्या भरावावर देखरेखीसाठी एक कच्ची वाट ठेवलेली असते. पाणी सुटले म्हणजे पाटकरी तिच्यावरून फिरतो, कोठे भराव फुटला आहे काय, कोठे मोरीत गाळ तुंबला आहे काय, ते पाहतो. एरवी ती वाट ओसाड असते.

या वाटेचा गुण असा की, ती पाण्याच्या स्वभावाने आखलेली असते. पाण्याला घाई नसते. फार उतार दिला तर ते काठ खाते, फार कमी दिला तर गाळ टाकते. म्हणून मैलाला फूटभर, फार तर दोन फूट, इतक्या अदबीने त्याला खाली उतरवीत न्यावे लागते. टेकडी आडवी आली की पाट तिच्यावर चढत नाही, तिला वळसा घालतो. ओहोळ आडवा आला की भरावावरून किंवा मोरीवरून पलीकडे जातो. पन्नाशी उलटलेल्या सायकलस्वाराच्या गुडघ्यांशी सल्लामसलत करून एखाद्या इंजिनियराने रस्ता आखला असता, तरी तो याहून वेगळा आखता ना. डोंगराळ मुलखातून जायचे, डोंगर सारा वेळ डोळ्यांसमोर ठेवायचा, आणि चढ मात्र एकही चढायचा नाही, हे सुख मला दुसऱ्या कोणत्याही रस्त्याने दिलेले नाही.

आणि डोंगर तरी कसे! उत्तरेला सातमाळ्याची रांग पसरलेली असते: सप्तशृंग, धोडप, कांचना, राजदेहेर, इंद्राई, चांदवड आणि पूर्वेच्या टोकाला मनमाडजवळची अंकाई-टंकाईची जोडी. आषाढात ही रांग हिरवी असते आणि तिचे कौतुक सगळेच करतात. मला ती चैत्र-वैशाखात अधिक आवडते. त्या वेळी गवत जळून गेलेले असते, कातळाचे थरावर थर उघडे पडलेले असतात, आणि दुपारच्या उन्हात सारी रांग भट्टीतून नुकत्याच काढलेल्या विटांसारखी दिसते. वाळवंट म्हणण्याइतका हा मुलूख कोरडा नाही. पण त्या दोन महिन्यांपुरता तो वाळवंटाचा धाकटा भाऊ सहज शोभतो. पाट सोडून गाडीवाटेने थोडे आत शिरावे तर खुरटी बाभूळ, हिवर आणि निवडुंग एवढीच सोबत उरते. येवल्याच्या पलीकडे ममदापूर-राजापूरच्या माळावर काळवीट चरताना दिसतात. मोटार थांबली की ते पळतात. सायकल थांबली तर मान वर करून पाहतात, आणि हा प्राणी आपल्याहून हळू धावणारा आहे अशी खात्री पटली की पुन्हा चरू लागतात. या वाटांना दोष एकच, आणि तो म्हणजे सराटा. एका सकाळी तीन वेळा चाक उघडून बसण्याचा योग मला आलेला आहे. परंतु मोटारीची भीती आणि सराट्याची भीती या दोहोंत मी सराट्याची केव्हाही पत्करीन. तो निदान चाकावरच भागवितो.

अशाच एका सकाळी मोरीच्या कठड्यावर बसून मी चाकाला ठिगळ लावीत असता एक वृद्ध पाटकरी जवळ येऊन उभे राहिले.

“काय बाबा, इकडं कुठं वाट चुकले?” त्यांनी विचारले.

“चुकलो नाही, दादा. इकडे मोटारी नाहीत, म्हणून मुद्दाम आलो.”

ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले, मग हसून म्हणाले, “मोटारी नाहीत, कारण रस्ता नाही. पावसाळ्यात कांदा लासलगावला न्यायचा म्हणलं तर ट्रॅक्टर इथं आसापर्यंत रुततंय. बाळंतीण न्यायची तरी तीच गत. डांबर टाका म्हणून आम्ही अर्ज दिलेत. तुम्ही शहरात राहता. तुमची कुठं ओळख असली तर बघा.”

त्यांनी हे अगदी सहज सांगितले आणि ते पुढे चालू लागले. मी मात्र हातातले ठिगळ तसेच धरून बराच वेळ बसून राहिलो. माझे रविवारचे सुख ज्या खाचखळग्यांवर उभे होते, तेच खाचखळगे त्या गावाचे बारमाही दुःख होते. ही वाट अशीच राहावी असे माझे मन म्हणत होते. पण ‘दादा, तुमच्या कांद्याने आणि बाळंतिणीने रुतून राहावे, म्हणजे मला चंडोलाचा आवाज नीट ऐकू येईल,’ असे कोणत्या तोंडाने म्हणावयाचे? निसर्गाच्या नावाने दुसऱ्याची गैरसोय जपून ठेवण्याची खोड आम्हां शहरवासीयांना फार आहे. रसिकतेचा पोशाख घातला तरी तिच्या आतला स्वार्थ झाकत नाही.

तेव्हापासून या मागणीचा हिशेब मी निराळ्या रीतीने मांडू लागलो. आजवर मी जागेचा हिशेब करीत होतो: त्यांचे रस्ते त्यांना, आमच्या वाटा आम्हांला. परंतु जागा ही वाटून घ्यावयाची वस्तू नव्हेच; निदान आपल्यासारख्या दाटीच्या मुलखात नव्हे. आमच्या शहरातल्या एका रस्त्याच्या कडेला सायकलींसाठी पट्टी आखली गेली. काही दिवसांतच तिच्यावर मोटारी विसावू लागल्या, त्यांच्या शेजारी भेळेची गाडी लागली, आणि सायकल पुन्हा रस्त्याच्या मधोमध आली. जी जागा सारा दिवस रिकामी दिसते ती बळकाविली जाते; हा मनुष्यस्वभाव आहे आणि त्याला रंगाची रेघ पुरी पडत नाही. वाटून घेण्यासारखी वस्तू जागा नव्हे, वेळ होय. रस्ता वेगळा मागू नये. घटका वेगळी मागावी.

ही कल्पना माझ्या डोक्यातून निघालेली नाही. कोलंबिया देशातील बोगोता या राजधानीत 1974 सालापासून एक प्रघात सुरू झाला आणि पुढे तो वाढत गेला. रविवारी आणि सुटीच्या दिवशी, सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत, शहरातील मुख्य रस्त्यांचे शंभराहून अधिक किलोमीटर मोटारींना बंद ठेवावयाचे. दोन वाजले की मोटारी परत येतात आणि कोणाचेही काही हिरावले जात नाही. अमेरिकेत ॲरिझोना प्रांतातील फीनिक्स शहराच्या दक्षिणेस सोळा हजार एकरांहून मोठे एक डोंगरी उद्यान आहे. तो मुलूख अस्सल वाळवंटाचा. पुरुषभर नव्हे, ताडाएवढे निवडुंग तेथे उभे असतात. माथ्यापर्यंत मोटारीचा नागमोडी रस्ता आहे, आणि महिन्यातील ठरावीक रविवारी तो मोटारींना बंद ठेवण्याची चाल तेथे पडली. तिला नाव मिळाले ‘मूक रविवार’. एवढ्या मोठ्या डोंगरात एक नवा रस्ता खणण्यापेक्षा असलेल्या रस्त्याला महिन्याकाठी मौनव्रत देणे किती सोपे!

सायकलच्या मर्दुमकीशी नाशिकचे नाते तर जुळलेलेच आहे. 2015 साली येथील डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत ओलांडणारी सायकलशर्यत जोडीने पुरी केली. ती वाट पॅसिफिकचा किनारा सोडून लवकरच वाळवंटात शिरते. रस्ता सर्वांना खुला असतो, म्हणून रात्री मागून येणाऱ्या मोटारींपासून बचाव व्हावा यासाठी स्वाराच्या पाठीशी त्याच्याच मंडळींची एक मोटार दिवे लावून हळूहळू चालत असते. मोटारीपासून राखण करण्यासाठी मोटारच ठेवावी लागावी, यातली गंमत मला नेहमी वाटते. शर्यतीत ते शोभतेही. पण शाळेला जाणाऱ्या प्रत्येक पोराच्या मागे तर अशी मोटार देता येत नाही.

असे काही आपल्याकडे कोठून होणार, असे वाचक म्हणतील. त्यांना मी सांगेन की, ते होतेच आहे. फक्त आपण त्याला या नावाने ओळखत नाही. नवरात्रात आणि चैत्रातल्या यात्रेत नांदुरीपासून सप्तशृंगगडाला जाणारा घाट खासगी मोटारींना बंद होतो. गाड्या पायथ्याशी राहतात, घाटातून एस.टी. तेवढी ये-जा करते, आणि बाकीचा रस्ता पायी जाणाऱ्यांचा होतो. 2015 च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी नाशिक शहराचा गाभा मोटारींना बंद होता. ज्या चौकात एरवी जीव मुठीत धरावा लागतो, तेथे म्हाताऱ्या बायका डोक्यावर गाठोडी घेऊन रस्त्याच्या अगदी मधून चालल्या होत्या. त्या दिवशी शहर बुडाले नाही, बाजार उठला नाही. म्हणजे ‘हे अशक्य आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा आपला अर्थ एवढाच असतो की, देवासाठी शक्य आहे, माणसासाठी नाही.

पण माणसासाठीही ते पुण्यच होते, असे आपलाच डोंगर सांगतो. त्रिरश्मीच्या लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. त्याने वाटसरूंसाठी विश्रामस्थाने बांधली, पाण्याची सोय केली आणि दमण, तापी इत्यादी नद्यांवर धर्मार्थ नावा ठेवल्या, अशी त्याच्या दानांची यादीच त्यात कोरलेली आहे. वाटसरूला सुखाने पलीकडे पोहोचविणे हे दगडावर कोरून ठेवण्याइतके मोठे काम आहे, असे त्या काळच्या राजपुरुषाला वाटले. आपल्या काळातल्या नद्या डांबराच्या आहेत आणि त्यांचा पूर ओसरत नाही. तेव्हा नावेऐवजी एक सकाळ दान द्यावी, इतकेच.

हे दान मागण्यात माझा स्वार्थ आहे, तो लपविण्यात अर्थ नाही. माझी नात अकरा वर्षांची आहे. तिला मी पाटाच्या काठावर सायकल शिकविली. कारण शिकविण्यासारखी दुसरी जागा मला सापडली नाही. आता ती हात सोडून चालविण्याच्या गोष्टी करते. शाळा घरापासून दोन किलोमीटरांवर आहे, आणि तेथे सायकलने जाण्याची परवानगी तिला नाही. तिची आई ‘नको’ म्हणते, आणि त्या ‘नको’ला माझ्याजवळ उत्तर नाही. मी स्वतः ज्या रस्त्यावर पाठीला कान लावून चालतो, तेथे त्या पोरीला कसे सोडावे?

परवा पाटाच्या शेवटच्या मोरीपाशी आम्ही थांबलो होतो. पुढे डांबरी रस्ता होता आणि त्यावरून उसाच्या गाड्या धडधडत जात होत्या.

“आबा, पाट संपल्यावर कुठं जायचं?” तिने विचारले.

“मागे फिरायचं,” मी म्हणालो.

“दर वेळी मागेच?”

त्या गावाच्या अर्जाला यश येईल आणि ही वाटही डांबरी होईल. व्हावीच, माझी कोठे ओळख असती तर मीही शब्द टाकला असता. मग कांदा वेळेवर लासलगावला पोहोचेल, आणि रात्री-अपरात्री अडलेल्या बाईला दवाखाना गाठता येईल. माझे मागणे त्यानंतरचे आहे. आठवड्याच्या सहा दिवसांवर आणि सातव्याच्याही दुपारवर मी हक्क सांगत नाही. रविवारी उजाडल्यापासून उन्हे तापेपर्यंतचे दोन-तीन तास या पाटाला, नांदुरीच्या घाटाला आणि आमच्या घरापासून त्या शाळेपर्यंतच्या दोन किलोमीटरांना मिळावेत. तेवढ्या वेळात नात शाळेच्या बंद फाटकाला हात लावून परत येईल. आणि एकदा तिने तो रस्ता आपला म्हणून पाहिला की, सोमवारी तिची आई काय म्हणते ते आपण पाहू.